दाढीचा खटला

अमेरिकेतील आमिश लोक घोडागाडीतून हिंडतात, म्हणून त्यांच्यातील गुन्ह्यांच्या कथा हौसेने वाचल्या जातात. ओहायो राज्यात बर्गहोल्झ येथील बिशप सॅम्युअल मलेट यांच्या अनुयायांनी २०११ साली विरोधी आमिशांच्या दाढ्या व बायकांचे केस जबरदस्तीने कापले. ऐकणाऱ्याला हसू येते. पण लग्नानंतर राखलेली दाढी ही तेथे पुरुषाची अब्रू असते. २०१२ साली सोळा जण दोषी ठरले. २०१४ साली वरिष्ठ न्यायालयाने द्वेषमूलक गुन्ह्याचा ठपका रद्द केला.

मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. क्षमा करा, कोर्टाची पायरी चढू नका, हीच त्यांची शिकवण. (आपल्याकडेही 'घरातले घरात ठेवा' म्हणणारे वडीलधारे थोडे नाहीत!) त्यामुळे काहींनी तक्रार करण्याचे नाकारले. काहींनी मात्र शेरीफला सर्व सांगितले, आणि पुढे न्यायालयात स्वकीयांविरुद्ध साक्षही दिली.