जीपचे इंजिन बांधा, बदलू नका

जुनी जीप धूर मारू लागली, ऑईल खाऊ लागली, सकाळी धक्का मागू लागली, की चितेगाव-बिडकीन-पैठण पट्ट्यात मालकाच्या कानावर हमखास एक सल्ला पडतो : ‘भाऊ, ह्याच्यात आता पैसे घालू नका. दुसरं इंजिन टाकू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा.’ मालक मान डोलावतो. जुने इंजिन भंगाराच्या भावाने तिथेच राहते आणि कुठल्या गाडीतून काढले, कोणी किती पळवले याचा पत्ता नसलेले इंजिन बॉनेटखाली जाते. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे ठाम मत आहे. मूळ इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँक मापात बसत असतील, तर तेच इंजिन नीट बांधून घ्यावे. आणि मापे घेतल्याशिवाय कोणताही निर्णय करू नये.

मी बोलतो आहे ते एमएम ५४०, सीजे ५००, कमांडर, मेजर या गाड्यांबद्दल. यांतल्या कित्येकींनी काळी-पिवळी होऊन गावोगावची माणसे वाहिली. ज्या उरल्या त्या पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून आजही शेतापर्यंत जातात, किंवा हौशी मंडळी त्यांना गौताळ्याच्या बाजूच्या डोंगरवाटांवर नेतात.

इंजिन बदला म्हणणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. इंजिन काम टिकत नाही, वर्षभरात पुन्हा धूर सुरू होतो. तयार इंजिन स्वस्त पडते. मोठे इंजिन टाकले की ताकद वाढते. जुन्याचे सामान मिळत नाही. हे सगळे अनुभवाचे बोल आहेत, म्हणून त्यांना हात झटकून उत्तर देता येणार नाही.

इंजिन काम टिकत नाही, हे पुष्कळदा खरे असते. पण का टिकत नाही? सिलिंडर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून उलटी फिरते तिथे, म्हणजे अगदी वरच्या भागात, झीज सर्वांत जास्त. त्याच्याही वर एक अरुंद पट्टी राहते जिथे रिंग पोहोचतच नाही. ती मूळ मापाची राहते. हेड काढून त्या जागी नख फिरवले तर ते कडेला अडते. ती कड लागली की समजावे, नुसत्या नव्या रिंगा टाकून भागणार नाही. बोअर गेज घेऊन प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजला, की एकाचे सहा आकडे मिळतात. बोअर निमुळता झाला आहे का, अंडाकृती झाला आहे का, हे त्या आकड्यांत दिसते. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजायचे. ते झिजले असतील तर ग्राइंड करून ०.२५, ०.५० किंवा ०.७५ मिलिमीटर कमी मापाचे, गॅरेजच्या भाषेत दहा, वीस, तीसचे बेअरिंग घालता येते. हे सगळे मोजायला एक सकाळ पुरते. ती सकाळ वाचवायची म्हणून जुन्याच बोअरमध्ये नव्या रिंगा ढकलल्या जातात, आणि मग वर्षभरात धूर आला की दोष मिळतो ‘इंजिन कामाला’.

याहून मोठे कारण मात्र इंजिनाच्या बाहेर असते. या गाड्यांचा एअर क्लिनर तेलाच्या भांड्याचा. त्यातले तेल आटले, किंवा क्लिनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप चिरला, की उन्हाळ्यातली आपल्याकडची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी बोअर घासते. नोझल ठिबकत असेल तर कच्चे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन काढते. रेडिएटर क्षाराने बुजलेला असेल तर हेड तापते. ग्राइंडिंगचा चुरा क्रँकच्या ऑईलच्या भोकांत राहून गेला, तर नवे बेअरिंग त्याच आठवड्यात ओरखडते. आता मला सांगा, यांतले कोणते दुखणे इंजिन बदलल्याने बरे होते? तोच चिरलेला पाइप, तोच बुजलेला रेडिएटर नव्या इंजिनाला जोडला जातो आणि तेही त्याच वाटेने जाते. इंजिन कामाविरुद्धचा हा आक्षेप खरे तर अर्धवट कामाविरुद्धचा आहे, आणि तो बदललेल्या इंजिनालाही तितकाच लागू पडतो.

स्वस्ताईचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. भंगारातले इंजिन स्वस्त वाटते, कारण ते कोणी उघडून पाहत नाही. उघडले तर त्यालाही रिंग, बेअरिंग, वॉल्व्ह, पंप-नोझल लागणारच. त्यात जात वेगळी असेल तर माउंटिंग, बेल हाउसिंगची प्लेट, क्लच, सायलेन्सर, कधी प्रोपेलर शाफ्टची लांबी, ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप, असे एकेक बिल निघत जाते. दोन दिवसांची गाडी दोन महिने गॅरेजमध्ये उभी राहते.

ताकदीचा मोह सर्वांत मोठा, म्हणून तिथे जरा हिशेब करू. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. पुढे आलेल्या सीजे ३बी या पेट्रोल जीपचा पहिला गिअर सुमारे २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि डिफरन्शियल ५.३८. गुणाकार येतो ३७. म्हणजे फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकांकडे ३७ पट होऊन पोहोचतो. चिखलातून जीप निघते ती मुख्यतः या गुणाकारावर. इंजिनाचा टॉर्क दीडपट केला की अॅक्सल शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि गिअरबॉक्सच्या दातांवर येणारा भारही दीडपट होतो. ते भाग काही त्या इंजिनासाठी घडवलेले नव्हते. ताकद वाढवली आणि चिखलात शाफ्ट तुटला, तर कमाई काय झाली?

वेगाचेही तसेच. पेट्रोल जीपांत डिझेल इंजिन बसवण्याची लाट आपल्याकडे येऊन गेली. त्या डिफरन्शियलवर आणि ६.००-१६ च्या टायरवर इंजिन ३००० फेऱ्यांनी फिरले तर टॉप गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ७५ किलोमीटर धावते. पेट्रोल इंजिन त्याहून वर सहज फिरायचे, म्हणून शंभरी गाठता यायची. कमी फेऱ्यांचे डिझेल टाकल्यावर गाडी रस्त्यावर ओरडते पण पळत नाही. मग डिफरन्शियल बदला, मग गिअरबॉक्स बदला. एका बदलामागे दुसरा ओढला जातो आणि शेवटी जी गाडी उरते ती कुठल्याच मिस्त्रीला पूर्ण ठाऊक नसते. बहुतेक मालकांना हवी असलेली जादा ताकद त्यांच्याच इंजिनात होती. कॉम्प्रेशन गेल्यावर ती गेली, आणि नीट बांधल्यावर ती परत येते.

सामान मिळत नाही, हा आक्षेप मात्र निम्मा मान्य करायला हवा. एमडीआय या महिंद्राच्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत तो टिकत नाही. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या जोडीने ट्रॅक्टर कंपनी काढली. त्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातले ३.५ इंच बोअर आणि ४ इंच स्ट्रोक हे माप, म्हणजे ८८.९ आणि १०१.६ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून २५२३ सीसी, जीपच्या एमडीआयमध्ये आले आणि बोलेरोपर्यंत चालत राहिले. ज्या इंजिनाची नाळ ट्रॅक्टरशी जुळलेली आहे, त्याला शेतकऱ्यांच्या मुलखात सामान मिळणार नाही तर कुठे मिळेल? ‘पूजो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २११२ सीसीच्या एक्सडीपी ४.९० ची गोष्ट वेगळी. त्याच्या सामानाला खरोखर फिरावे लागते. तरी लायनर, पिस्टन आणि गास्केट मागवता येतात, राजकोटसारख्या डिझेल इंजिनाच्या गावात मापाने बनवूनही मिळतात. चार आठवडे थांबायची तयारी हवी.

आणि कायदा? ‘कोण बघतंय’ हे उत्तर मला मान्य नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाला विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी नव्याने करायला नेली की इंजिन नंबर पाहिला जातो. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच नंबर पाहते. आणि भंगारातले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर दाराशी पोलीस येतात ते जीपमालकाच्या.

या भांडणात माझा जीव गुंतण्याचे आणखी एक कारण बिडकीनमध्येच आहे. ऑरिक या औद्योगिक नगरीच्या निमित्ताने इथली शेती उद्योगाकडे गेली. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी करार केला. मोटारी बनवणारा मुलूख म्हणून या भागाचे नाव होणार असेल तर मला आनंदच आहे. पण बोअर गेज वाचणारा, क्रँक हातात घेऊन जर्नलवरून बोट फिरवताच ओरखडा ओळखणारा, वॉल्व्ह घासून सीटवर त्याची राखाडी रेघ सलग आली का ते पाहणारा कारागीर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडत नाही. तो आपल्या गॅरेजात आणि लेथवर काम मिळाले तरच तयार होतो. इंजिन बदलण्याचे पैसे भंगारवाल्याकडे जातात. बांधण्याचे पैसे त्याच्या हातात पडतात, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला पोरगा ते काम शिकतो.

ब्लॉक तडकला असेल, किंवा क्रँक शेवटच्या मापाच्याही पलीकडे झिजला असेल आणि दुसरा मिळत नसेल, तर बदलाला माझी हरकत नाही. तेव्हा त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन शोधावे, बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे मागावीत, परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन नवा नंबर आरसीवर चढवून घ्यावा. आणि त्या इंजिनाचे हेड उतरवून तेच सहा-सहा आकडे आधी मोजून घ्यावेत. जो विक्रेता हेड उघडू देत नाही, त्याच्याकडचे इंजिन घेऊ नये.