मशिदीला रंग देण्याआधी

रमजान जवळ आला की मोहल्ल्यात मशिदीच्या रंगासाठी चंदा सुरू होतो. नियत नेक असते. पण मशीद शंभर-दीडशे वर्षांची असेल, तर ऑइल पेंटचा डबा उघडण्याआधी जरा थांबा.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या जमिनीतली आणि पावसाची ओल शोषतात व हळूहळू बाहेर सोडतात. चुन्याची सफेदी ओलीला वाट देते, ऑइल पेंट ती कोंडतो. मग पोपडे सुटतात, क्षार जमतात, गिलावा झडतो. वर्षादोन वर्षांनी पुन्हा चंदा!

चुना कपड्यांना लागतो, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, ही तक्रार खरी आहे. पण तो भिंत खात नाही. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर थोडाच आहे, बाकीची शुभ्रता चुन्याच्या गिलाव्याची. सतराव्या शतकातली ती इमारत आजही उभी आहे. आमच्या सावंगीजवळ सेवाग्रामची बापू कुटी मातीची, तिची डागडुजीही मातीनेच होते.

सॉफ्टवेअरमध्ये चालू सिस्टिमला हात लावण्याआधी बॅकअप घेतात. तुम्हीही शिलालेखाचे, नक्षीचे फोटो आधी काढा. शिलालेखावर रंग चढू देऊ नका, मशीद कुणी व कधी बांधली याचा तो अनेकदा एकमेव पुरावा असतो. कमिटीत बुजुर्गांसमोर अदबीने, पण ठामपणे विचारा: चुन्याचं काम जाणणारा गवंडी बघितला का?

वक्फ ही अमानत आहे. ती चमकवण्यापेक्षा टिकवणं मोठं काम आहे.