पाळणाघरांची यादी कोणाच्या पैशाने?

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या भागांत तान्ह्या मुलासाठी पाळणाघर मिळते ते ओळखीतून. बालवाडीच्या दारात भेटणारी दुसरी आई, कोपऱ्यावरचा वाणी, नाहीतर सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. कोणत्या चाळीत कोण मुले सांभाळते, एका वेळी किती ठेवते, महिन्याला काय घेते, लोकल उशिरा आली तर रात्री आठपर्यंत थांबते का, हे सगळे एका जागी सांगणारे सरकारी टेबल नाही. ही माहिती गोळा करून, प्रत्यक्ष जाऊन पाहून पालकांना विनामूल्य देणारे केंद्र प्रत्येक वॉर्ड ऑफिसात असावे. त्याचा सगळा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा आणि त्याची कर्तव्ये नियमात लिहिलेली असावीत.

खर्च कोणी करायचा हा वाद गिरणगावाला नवा नाही. गिरणीत जाणाऱ्या बायका मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत, हे १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारसाठी पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी नोंदवून ठेवले आहे. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा हा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलायला हवा, हेही त्यांनी मान्य केले होते. १९२९चा कायदा झाला, पण पैसे द्यायचे ठरले मालकाने. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांची संख्या घटत गेली. यंत्रांची फेररचना आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी ही त्याची कारणे होतीच. पण बाई कामावर ठेवली की खर्च वाढतो, हा मालकाचा हिशेबही त्यात होता.

तोच हिशेब आजही चालू आहे. केंद्रीय प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभाही मिळाली. लोअर परळच्या मोठ्या कार्यालयांत हे निदान कागदावर तरी लागू आहे. दादरच्या साडीच्या दुकानातली विक्रेती, लालबागच्या मसाल्याच्या दुकानातली कामगार, गिरगावात चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना त्याचा उपयोग शून्य. मालक लहान, म्हणून मूल काही कमी रडत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मात्र एक चांगली वाट आहे. काही आस्थापनांनी मिळून एक किलोमीटरच्या परिघात सामाईक पाळणाघर चालवावे, अशी मुभा तो देतो. २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता आणखी पुढे जाते आणि सरकारी, महापालिकेच्या, खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेच्या सामाईक पाळणाघराचा आधार घेऊ देते. पण तसे पाळणाघर जवळपास कुठे आहे, हे आस्थापनेला कोण सांगणार? यादीच नसेल तर सवलत कागदावरच राहते. अंगणवाडी थोडे तासच चालते. केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. ते आपल्या वॉर्डात आहे का, हे विचारायला आईने कोणत्या दारी जायचे, हा प्रश्न राहतोच.

अशी सेवा इतरत्र रुळलेली आहे. कॅलिफोर्निया राज्य १९७६ पासून पाळणाघरांची माहिती देणाऱ्या केंद्रांना सरकारी निधी देते. त्या बदल्यात केंद्रांवर बंधने आहेत: पालकाची माहिती गुप्त ठेवायची, परवाना स्थगित झालेल्या पाळणाघराकडे कोणाला पाठवायचे नाही. इंग्लंडमध्ये २००६च्या कायद्याने पालकांना अशी माहिती आणि मदत देणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्यच ठरवले.

खर्च सार्वजनिक पैशातूनच का, याचे उत्तर सरळ आहे. पाळणाघरांकडून वर्गणी किंवा दलाली घेतली, की यादीत वरचे नाव विकले जाते. पालकांकडून शुल्क घेतले, तर सर्वांत निकड असलेली आई दारातूनच परतते. कंपन्यांनी पैसे दिले, तर त्यांच्याच कर्मचाऱ्यांचा नंबर आधी लागतो. मुंबईत १९९६ साली टाटा समाज विज्ञान संस्थेतून सुरू झालेल्या चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. संकटातल्या मुलासाठीचा हा फोन विनामूल्य राहिला, म्हणूनच तो रस्त्यावरच्या मुलांपर्यंत पोचला.

आधी पाळणाघरे काढा, यादीचे मग बघू, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. यादीने एकही नवी जागा तयार होत नाही. पण कोणत्या भागातून किती आया विचारायला आल्या आणि किती रिकाम्या हाताने गेल्या, ही नोंद असेल तरच नवे पाळणाघर भोईवाड्यात हवे की ठाकूरद्वारला, हे ठरवता येईल.

दुसरा आक्षेप अवघड आहे. खारघरच्या एका पाळणाघरात २०१६ साली दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. यादीतल्या ठिकाणी असे घडले तर जबाबदार कोण? म्हणून केंद्राने हमी देऊ नये. कोणत्या तारखेला काय पाहिले एवढेच लिहावे: मुले किती, सांभाळणाऱ्या किती, खिडकीला गज आहेत का, गॅस कुठे आहे, तक्रार आली का. गंभीर तक्रार आली तर चौकशी होईपर्यंत नाव खाली उतरवावे आणि कारण मालकिणीला लेखी कळवावे.

दहा बाय बाराच्या खोलीत चार मुले सांभाळणारी मावशी मात्र या तपासणीला घाबरेल, आणि तिचे घाबरणे चूक नाही. तपासणीसाला पाहून ती दार लावून घेईल आणि मुले आत तशीच राहतील. नोंदणीने तिला काही मिळाले पाहिजे: प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, मुलांची नियमित आरोग्य तपासणी, खोली सुधारायला थोडे अनुदान. परळला केईएम आणि वाडिया रुग्णालये हाकेच्या अंतरावर असताना यातले पहिले दोन तरी जमायला हरकत नाही.

त्यासाठी नवे महामंडळ नको. दुकाने व आस्थापना खाते वॉर्ड पातळीवर काम करतेच. गिरगावच्या डी, दादरच्या जी उत्तर आणि परळ-लालबागच्या एफ दक्षिण वॉर्डात या खात्याला जोडून दोन पूर्णवेळ कर्मचारी नेमावेत आणि त्यांच्या पगाराची तरतूद महापालिकेच्या येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. यादी दर तीन महिन्यांनी नवी व्हावी आणि ती मराठीत, हिंदीत छापून लसीकरण केंद्रांवर लावावी, कारण तान्हे मूल घेऊन प्रत्येक आई तिथे येतेच.

— एक वाचक, परळ