रविवारचे पाहुणे

मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायची रीत हुबळी-धारवाडात आता चांगलीच रुळली आहे. लाइन बझारमधून पेढ्याचे डबे घ्यायचे, एक मोठा केक, फुगे, आणि रविवारी अकराच्या सुमाराला दोन गाड्या भरून जायचं. नात्यातल्या एका वाढदिवसाला मीही अशाच गाडीत होतो. संस्था कोणती ते सांगत नाही, कारण चूक संस्थेची नव्हती. आमची होती.

सतरंजीवर चाळीसेक मुलं ओळीनं बसवलेली. ज्याला कधी पाहिलं नाही आणि पुन्हा पाहण्याची शक्यता नाही अशा मुलासाठी त्यांनी टाळ्या वाजवून 'हॅपी बर्थडे' म्हटलं. सवयीचं होतं, सूर पक्का होता. पहिल्या रांगेतल्या सातेक वर्षांच्या पोरानं एक पेढा खाल्ला आणि दुसरा मुठीत दाबून हळूच चड्डीच्या खिशात सरकवला. आमच्यातल्या एका बाईंनी ते पाहिलं. "अरे खा की, अजून आहेत!" पोरगा खिशावर हात ठेवून बसून राहिला.

नंतर तिथं मुलांची देखभाल करणाऱ्या अक्कांनी सांगितलं ते असं. तो आला तेव्हा रोज सकाळी त्याच्या उशीखाली अर्धी चपाती, बिस्किटाचा चुरा, भाताचं शीत काही ना काही सापडायचं. अंथरुणाला मुंग्या लागायच्या. अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला झाकणाचा एक छोटा डबा दिला आणि रोज रात्री त्याच्यासमोर त्यात दोन बिस्किटं ठेवायला सुरुवात केली. पोरगा झाकण उघडून बघतो, लावतो आणि झोपतो. बिस्किटं बहुतेक सकाळी तशीच असतात. आमच्या पेढ्यांच्या सहा डब्यांनी जे झालं नाही ते त्या एका डब्यानं केलं. तो रोज भरला जातो, एवढंच त्याचं वैशिष्ट्य.

दुसरी एक चार वर्षांची पोर. पाच मिनिटांत ती माझ्या दंडाला लोंबकळली आणि जाईपर्यंत सुटली नाही. "बघा, कसा लगेच लळा लागला!" असं कौतुक झालं, मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अक्का म्हणाल्या, "ती सगळ्यांनाच बिलगते." या बिलगण्याचा अर्थ कळायला रुमानियाकडे पाहावं लागतं. तिथं हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा अनाथालयांत कोंडलेली हजारो मुलं जगाला दिसली. पुढे २००० सालापासून बुखारेस्टमधल्या १३६ मुलांचा काही शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्म्यांना पालक-कुटुंबं मिळाली, बाकीच्यांची व्यवस्था पूर्वीसारखीच राहिली. संस्थेत वाढलेल्या मुलांत कुणाही अनोळखी माणसाच्या मागे बिनदिक्कत जाण्याची खोड जास्त दिसली. ज्यांना लहानपणीच, त्यातही दोन वर्षांच्या आत घर मिळालं, ती अधिक सावरली. तेव्हा माझ्या दंडाला लागला तो लळा नव्हता. आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे ओळखायला शिकण्याइतका काळ एकही माणूस तिच्यापाशी टिकला नव्हता, याची ती खूण होती. त्या दिवशी न टिकणाऱ्या माणसांत आम्ही पंधरा जणांची भर घातली.

निघताना लहान मुलं फाटकापर्यंत आली. "मत्त यावाग बर्तीरी?" पुन्हा कधी येणार? आमच्यातले सगळे एका सुरात "येऊ की!" म्हणाले. मोठी मुलं फाटकापर्यंत आलीच नाहीत. त्यांनी हा प्रश्न विचारणं केव्हाच सोडलं असावं.

घरी पोचायच्या आत फोटो स्टेटसवर चढले होते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या नातवाचा फोटो शाळेनं न विचारता छापला तर भांडायला जाणारी माणसं इथं मात्र बिनधास्त असतात. आईबाप नाहीत, म्हणजे विचारायला कुणी नाही, हा हिशेब त्यामागे असतो. खरं तर बालगृहातल्या अनेक मुलांची आई किंवा बाप हयात असतो. मूल तिथं येतं ते दारिद्र्य, दारू, मारहाण किंवा त्याहून वाईट कारणांनी.

दान वाईट, असं म्हणणं नाही. संस्थांना धान्य लागतं, पैसा लागतो. पण याच धारवाडात १९२८ साली भागीरथीबाई पुराणिकांनी निराधार स्त्रियांसाठी वनिता सेवा समाज काढला, तो सणावारी भेट देण्यासाठी नव्हे. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ मध्ये, शांतिलाल मुथ्थांनी बाराशे मुलं पुण्याला आणली ती फळं वाटून परत पाठवायला नाही. मुलांची शिक्षणं होईपर्यंत मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं त्यांना वाघोलीला सांभाळलं. एवढी झेप प्रत्येकाला झेपणार नाही, कबूल. पण बाल न्याय कायदा स्वतःच सांगतो की संस्था हा शेवटचा पर्याय आहे. दत्तकाखेरीज प्रतिपालकत्वाची, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळण्याची, सोय त्याच कायद्यात आहे. मुलाला त्याच्याच नातलगांच्या घरी राहता यावं म्हणून केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेतून दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व मिळतं. गावाकडे आजीजवळ राहू शकणारं एखादं मूल या रकमेवर घरीच राहतं. आपल्यातल्या कितींना हे माहीत असतं? केक कुठला चांगला, ते सगळ्यांना माहीत असतं.

निघता निघता मी अक्कांना विचारलं, आणायचं काय? त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात न उघडलेले रंगखडूंचे खोके छतापर्यंत रचले होते. मग म्हणाल्या, "सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवायला माणूस पाहिजे. आठवड्यातून एकदा आला तरी चालेल, पण वर्षभर तोच आला पाहिजे. आणि न सांगता बंद करणार असेल, तर आलाच नाही तर बरं."

रविवार पुढच्या दोन महिन्यांपर्यंत भरलेले आहेत. मंगळवारी दुपारी चारला तिथं कुणी येत नाही. ज्याला जमेल त्यानं आपल्या जवळच्या बालगृहाच्या अधीक्षकांना आधी भेटावं, रीतसर परवानगी घ्यावी, आणि जाताना मोबाइल घरी ठेवावा.