न छापण्याचे वचन

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. यात राजा-राणी-गुलाम नाहीत. ड्रॅगन, देवदूत, राक्षस आहेत. प्रत्येकाचे सामर्थ्य पत्त्यावरच छापलेले. आपला कॅट आपणच जमवायचा. पुडके बंद असते. आत काय निघेल ते नशीब!

१९९५ साली कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ नावाने काही जुने पत्ते पुन्हा छापले. त्यांचे भाव उतरले, संग्राहक खवळले. तेव्हा १९९६ साली कंपनीने एक यादीच जाहीर केली : यातले पत्ते पुन्हा छापणार नाही.

त्या यादीतला ‘ब्लॅक लोटस’ घ्या. पहिल्या आवृत्तीत त्याच्या सुमारे ११०० प्रती निघाल्या. गुण एवढाच, की काही न मोजता तो खेळता येतो आणि तीन मात्रा शक्ती देऊन संपतो. २०२२ साली पोस्ट मलोन या गायकाने त्याची एक प्रत ८ लाख डॉलरला घेतली. ती प्रत आता कोण पिसणार?

दिला शब्द पाळावा, असे संग्राहक म्हणतात. मला हे पटत नाही. आमच्या करार कायद्याच्या २५व्या कलमानुसार मोबदल्यावाचून दिलेले वचन, काही अपवाद सोडले तर, बंधनकारक नसते. (हा कायदा तिकडे लागू नाही, ठाऊक आहे, तर्क तरी लागू व्हावा!) ज्यांनी त्या वचनावर भिस्त ठेवून हजारो डॉलर मोजले, त्यांनी ते कंपनीला दिले नाहीत, दुसऱ्या संग्राहकाला दिले. शिवाय पुस्तक पुन्हा छापले म्हणून पहिल्या आवृत्तीचा मान कुठे जातो?

आणि कंपनीने तरी शब्द कसा पाळला? २०२२ सालीच खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त यादीतले पत्ते छापले, पण पाठ निराळी, अधिकृत स्पर्धेत मनाई. पंधरा-पंधरा पत्त्यांची चार पुडकी, किंमत ९९९ डॉलर! वचन अक्षरशः शाबूत, गल्लाही भरलेला.

त्यापेक्षा साध्या कागदावर, नेहमीच्या पाठीचे, नेहमीच्या दराने पत्ते छापावेत. खेळणाऱ्याच्या हाती पडतील.

तोवर आमचा ‘ब्लॅक लोटस’ म्हणजे जर्नलच्या कागदाचा, बॉलपेनने नाव लिहिलेला तुकडा. स्पर्धेत तो चालत नाही, वसतिगृहात चालतो. परवाच कन्नड विभागातल्या माझ्या मित्राने त्याच तुकड्याच्या जोरावर मला सलग तीन डाव हरवले.