मेहेरबानीचा प्लॉट आणि हक्काचं व्यासपीठ



१४ फेब्रुवारी २०२४ ला अबुधाबीजवळ अबू मुरैखा इथे बीएपीएसचं मंदिर उघडलं, तेव्हा आपल्या ग्रुपांवर फोटोंचा पाऊस पडला. २७ एकर जमीन, आणि ती दिली एका मुसलमान राज्यकर्त्याने, याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं. पाचच महिन्यांनी, २५ जुलैला, वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. मी ज्या ग्रुपवर आहे तिथे चौघांनी हात जोडले आणि पाचव्याने २०१९ मधला एक शिळा मजकूर पुन्हा ढकलला. आशय असा, की या पाद्र्याचं मराठीच्या व्यासपीठावर काय काम? त्याला कुणी हटकलं नाही. गप्प बसलेल्यांत मंदिराच्या फोटोंना टाळ्या देणारे बरेच होते. म्हणून हे लिहितोय.

२०१९ हे साल आठवून पाहा. त्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबुधाबीला आले. ४ तारखेला त्यांनी आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या, ५ तारखेला झायेद स्पोर्ट्स सिटीत लाखाहून जास्त लोकांसाठी मिस्सा झाली. अरबस्तानात पोप! आपल्यातल्या किती जणांनी "पाहा, जग कुठे चाललंय" म्हणून ती छायाचित्रं पाठवली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटोंची निवड झाली, आणि साहित्य महामंडळाला धमक्यांचे फोन सुरू झाले. कारण काय, तर माणूस ख्रिस्ती धर्मगुरू आहे. जानेवारी २०२० मध्ये पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले फादर व्हीलचेअरवरून संमेलनाला गेले.

मी वसईचा. आडनाव पोर्तुगीज, त्यामुळे या देशात कुणाही मराठी माणसाशी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही गोव्याचे का?" नाही म्हटलं की दुसरं वाक्यही ठरलेलं: "पण मराठी छान बोलता हो!" घरच्या माणसाला कुणी असं सांगतं का? आमची शेतं, केळीच्या बागा, सुकेळी, सामवेदी बोली, आजीचं लाल लुगडं, यातलं काय परदेशातून आलं?

आलं ते लॅटिन. आजी मिस्सेला बसून रोजरीची माळ ओढत असे, कारण वेदीकडे तोंड करून फादर काय पुटपुटतात हे तिला कळायचं नाही. १९६२ ते ६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करायला वाट मोकळी झाली. पण रोमने परवानगी दिली म्हणून मराठी आपोआप येत नाही. प्रार्थना, गीतं, प्रवचन, सगळं नव्याने घडवावं लागतं. वसईच्या धर्मगुरूंच्या एका पिढीने ते घडवलं. दिब्रिटोंना गुरुदीक्षा मिळाली १९७२ मध्ये. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं आणि ते चर्चच्या चार भिंतींबाहेर नेलं. 'सुबोध बायबल'साठी वर्षानुवर्षं खपले. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांची पीएच.डी. तुकारामांवर. हे सगळं फार नवं आहे असंही नाही. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ चं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. ज्याला परका धर्म म्हणता तो चारशे वर्षं ओवीत बोलतोय.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे धर्मांतर. ठीक आहे, बोलूया. पोर्तुगीजांनी वसईत आणि गोव्यात जुलूम केला, गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास काळाकुट्ट आहे, तो कुठल्याही ख्रिस्ती माणसाने झाकू नये. पण वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली. पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. आमच्या पूर्वजांवर झालेल्या जुलमाचा जाब आम्हालाच विचारायचा, हा कुठला न्याय? फादरांनी कोणाचं धर्मांतर केलं, हे मी ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना विचारलं. अजून उत्तर यायचंय. हरित वसई संरक्षण समितीतून ते बिल्डर आणि गुंडांच्या दहशतीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा वाचवायची शेतं आणि विहिरी काय फक्त ख्रिस्त्यांच्या होत्या?

आता इथलं बघा. अबुधाबीचं सेंट जोसेफ चर्च १९६५ चं, दुबईचं सेंट मेरीज १९६७ चं, दोन्ही शेखांनी दिलेल्या जमिनीवर. मी कृतज्ञ आहे आणि ते मनापासून. पण इथला व्यवहार काय आहे हेही ओळखावं. आवाराच्या आत उपासना करा, बाहेर प्रचार कराल तर गुन्हा. राज्यकर्ता उदार आहे म्हणून मिळालेली ही सवलत आहे, आणि आपण सगळेच व्हिसावरचे पाहुणे, त्यामुळे तक्रार नाही. भारतात मात्र राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क देतं. तिथे मी कुणाचा पाहुणा नाही. परक्या देशात मिळालेल्या मेहेरबानीने ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांना स्वतःच्या देशातल्या शेजाऱ्याचा हक्क खुपतो. "आम्ही त्यांना राहू देतो ना," असं आपले उच्चशिक्षित लोक सहज बोलून जातात. राहू देणारे तुम्ही कोण? हे शेखाने म्हणावं, त्याचा देश आहे.

आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर एकतर्फी होईल. इथल्या चर्चची लवचिकता मोठी. २०२१ संपेपर्यंत सुट्टी शुक्रवारी असायची म्हणून रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी केली, २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि आम्ही मुकाट परत रविवारी आलो. देवाने काही हरकत घेतली नाही. एवढं सगळं बदलू शकणारे आम्ही घरात मुलांशी मराठी बोलायला मात्र तयार नाही. फादरांनी जन्मभर ज्या भाषेसाठी जीव टाकला ती आमच्या पोरांना वाचता येत नाही, आणि त्याचा दोष कुठल्याही फॉरवर्ड करणाऱ्यावर टाकता येणार नाही. शिवाय ग्रुपवर असं काही आलं की आमचे लोक "कशाला वाद" म्हणून ग्रुप म्यूट करतात. फादर त्या धमक्यांनंतरही उस्मानाबादला गेले होते.

माझी मागणी लहान आहे. आखातातल्या मराठी मंडळांच्या वर्षभराच्या यादीत पाडवा असतो, गणपती असतो, दिवाळी असते. नाताळ असलाच तर 'सर्वधर्मसमभाव' या खात्यात, मुलांना लाल टोप्या घालून. तो 'मराठी सण' या खात्यात घ्या. करंज्या आम्ही आणतो. आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी कुसुमाग्रजांच्या फोटोशेजारी दिब्रिटोंचं एखादं पुस्तक ठेवा, त्यातली दोन पानं मोठ्याने वाचा. वाचायला त्या पाचव्या गृहस्थांनाच बोलवा. त्यांचं मराठी छान आहे.