शुद्धिपत्र आणि वाढीव आवृत्ती

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा घरी आला तो एक तक्रार घेऊनच. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे आणि ‘फॅक्टोरिओ’ नावाच्या संगणकीय खेळाचा निस्सीम भक्त. परग्रहावर कोसळलेला एक माणूस हाताने खनिज खणण्यापासून आरंभ करतो आणि यंत्रावर यंत्र रचीत अवाढव्य कारखाना उभारतो, एवढेच त्या खेळाचे कथानक. या खेळाच्या कर्त्यांनी, म्हणजे प्राग येथील वूब सॉफ्टवेअर या छोट्याशा संस्थेने, त्या वर्षी २१ ऑक्टोबरला ‘स्पेस एज’ हा त्याचा विस्तार प्रसिद्ध केला आणि त्याची किंमत ठेवली ३५ डॉलर. मूळ खेळाची किंमतही तेवढीच.

“मावशी, एकदा पैसे दिलेत ना आम्ही? मग पुन्हा कशाचे मागतात?” त्याचा स्वर फसवणूक झालेल्या माणसाचा होता. “आणि तो स्टारड्यूवाला बघ. आठ वर्षं सगळं फुकट देतोय.”

तुझ्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती प्रकाशक तुला फुकट आणून देतो का, असे मी शिक्षकी सवयीने विचारले. “पुस्तक वेगळं, गेम वेगळा,” एवढे बोलून त्याने संवाद संपविला. हा ‘वेगळा’ म्हणजे नेमका कसा वेगळा, याचा विचार मी त्यानंतर बराच केला. मी स्वतः खेळणारी नाही. परंतु कलाकृती, तिचा कर्ता आणि तिचा मोबदला हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाला परका असण्याचे कारण नाही.

ज्यांना ‘इंडी’ म्हटले जाते ते स्वतंत्र खेळकर्ते म्हणजे बहुधा एक, दोन किंवा दहा-पंधरा माणसे. पाठीशी मोठी कंपनी नाही, पगार नाही. खेळ विकला गेला तर ‘स्टीम’सारखे दुकान साधारणपणे ३० टक्के हिस्सा ठेवून घेते, उरलेल्यातून कर, भाडे आणि पुढच्या कामाची बेगमी. खेळ प्रसिद्ध झाला की काम संपत नाही. दोष सापडतात, ते दुरुस्त करावे लागतात. नव्या कल्पना सुचतात, त्या घालाव्याशा वाटतात. हे सारे ग्राहकाच्या संगणकावर पोहोचते आणि या साऱ्याला एकच शब्द लावला जातो, ‘अपडेट’. गोंधळाचे मूळ मला या एका शब्दात दिसते.

आपल्याकडच्या छापील व्यवहारात या दोन गोष्टींना दोन नावे आहेत. मुद्रणदोष राहिले, एखादे पान चुकले, तर प्रकाशक शुद्धिपत्र जोडतो. त्याचे पैसे कोणी मागत नाही आणि मागितले तर ते निर्लज्जपणाचे ठरेल. याउलट ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ निघते तेव्हा ती विकत घ्यावी लागते. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि सव्वीस वर्षांनी, १८५७ मध्ये, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. पहिली आवृत्ती ज्याच्या कपाटात होती त्याचा दुसरीवर आपोआप हक्क निर्माण झाला, असे आपण म्हणत नाही.

खेळांच्या जगात शुद्धिपत्राचे टोकाचे उदाहरण म्हणजे ‘नो मॅन्स स्काय’. हेलो गेम्स या छोट्या ब्रिटिश संस्थेचा हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये सुमारे ६० डॉलर किमतीला, मोठा गाजावाजा होऊन आला आणि ज्या गोष्टींची अपेक्षा निर्माण केली गेली होती त्यांपैकी कितीतरी त्यात नव्हत्या. खेळाडूंचा संताप प्रचंड होता. त्यानंतर त्या मंडळींनी मौन धरले आणि वर्षानुवर्षे एकामागून एक विनामूल्य भर घातली. खऱ्या अर्थाने एकत्र खेळण्याची सोय जुलै २०१८ मध्ये आली. या चिकाटीचे कौतुक झाले ते योग्यच. पण तिला औदार्य म्हणताना जरा थांबावे. आरंभीची कित्येक वर्षे तरी ती कर्जफेड होती. विकलेल्या वस्तूत जे असायला हवे होते ते नंतर आणून दिले, तर त्याची वेगळी किंमत कशी लावणार?

म्हणून माझ्या भाच्याच्या तक्रारीकडे पुन्हा वळते. ज्या दिवशी ‘स्पेस एज’ आले, त्याच दिवशी फॅक्टोरिओची २.० ही आवृत्तीही आली आणि ती जुन्या सर्व ग्राहकांना विनामूल्य मिळाली. आगगाड्यांची व्यवस्था सुधारली, उडत्या यंत्रमानवांची अक्कल वाढली, नळांतून द्रव वाहण्याची पद्धत बदलली. यातल्या कशासाठीही जुन्या ग्राहकाला पैसा द्यावा लागला नाही. पैसे मागितले ते चार नव्या ग्रहांचे आणि अवकाशातल्या तरंगत्या कारखान्यांचे. म्हणजे शुद्धिपत्र आणि वाढीव आवृत्ती एकाच दिवशी, पण दोन स्वतंत्र वेष्टनांत. हा विस्तार येणार आहे हे त्यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्येच सांगितले होते आणि पुढे जवळजवळ दर आठवड्याला आपण काय करीत आहोत हे लिहून कळविले होते. इतका स्वच्छ व्यवहार मराठी प्रकाशनात तरी माझ्या पाहण्यात फारसा नाही. (लेखकाला न विचारता निघणाऱ्या ‘नव्या’ आवृत्त्यांविषयी पुन्हा कधीतरी.)

आता ‘स्टारड्यूवाला’. एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने घडविला. चित्रे, संगीत, संवाद, संगणकीय लेखन सगळे एकहाती. त्या काळात तो सिअ‍ॅटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करी. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी खेळ आला, किंमत १५ डॉलरच्या आत. पुढे २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याने एक अख्खे बेट त्यात घातले, मार्च २०२४ मध्ये आणखी मोठी भर घातली, आणि पैसे एकदाही मागितले नाहीत. त्याच वर्षी त्याने आपल्या कुलनामाची आण घेऊन जाहीर केले की जिवंत असेपर्यंत या खेळाच्या कोणत्याही भरीचे मोल घेणार नाही.

माणूस थोर आहे याविषयी वाद नाही. माझी शंका त्याच्या थोरपणाला इतरांसाठी नियम बनविण्याविषयी आहे. २०२४ अखेरपर्यंत त्या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. प्रत्येक नव्या भरीनंतर नवे ग्राहक येतात आणि जुन्यांना जे फुकट मिळते त्याचा खर्च हे नवे ग्राहक उचलतात. ‘फुकट’ या शब्दाखाली हा हिशेब झाकला जातो. ज्याच्याकडे नव्या ग्राहकांचा ओघ अखंड आहे त्याला ही पद्धत परवडते. ज्याचा ओघ पहिल्या महिन्यातच आटतो त्याच्यासाठी प्रत्येक विनामूल्य भर म्हणजे स्वतःच्या खिशाला चाट. शिवाय पैशाखेरीज दुसरी एक किंमत असते. ‘हॉन्टेड चॉकलेटिअर’ हा आपला पुढचा खेळ बरोनने २०२१ साली जाहीर केला होता. जुन्या खेळाची भर करता करता तो मागे पडला, हे त्यानेच सांगितले आहे. चार कोटी प्रतींचा धनी असलेल्या माणसाचे पुढचे पुस्तक जर मागच्या पुस्तकाच्या आवृत्त्या अडवून धरतात, तर इतरांचे काय होत असेल?

इतरांपैकी एक माझ्या परिचयाचा आहे. मराठी घेऊन बी. ए. झालेला माझा एक माजी विद्यार्थी आणि त्याचा मित्र यांनी मिळून एक कोड्यांचा खेळ केला. काही शे प्रती खपल्या. दोष दुरुस्त करण्यात सहा महिने गेले, त्याबद्दल त्याची कुरकुर नव्हती. पण नंतर नवी कोडी कधी देणार, अशी विचारणा सुरू झाली. देत नाही म्हटल्यावर खेळ ‘मेला’ असे शेरे पडू लागले. नव्या वीस कोड्यांचे साठ रुपये ठेवू का, असे त्याने विचारले तेव्हा ज्यांनी त्याला लोभी म्हटले त्यांपैकी दोघा-तिघांनी उदाहरण दिले ते स्टारड्यूचे. त्याने आता नोकरी धरली आहे. कोडी वहीत आहेत.

लोकांच्या प्रेमावर विसंबून राहण्याचा मार्गही काहींनी चोखाळला. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या बंधूंचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून संपूर्णपणे विनामूल्य होता. टार्न गणिताचा डॉक्टर. विद्यापीठातले संशोधन सोडून तो यात पडला. जमिनीखाली वसाहत करणारे बुटके, त्यांची सुखदुःखे, त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे इतिहास हे सर्व पडद्यावर केवळ अक्षरे आणि चिन्हे यांतून उमटे. सोळा वर्षे ते देणग्यांवर जगले. देणारे मनाने मोठे होते. पण झॅकला त्वचेचा कर्करोग झाला तेव्हा अमेरिकेतल्या वैद्यकीय खर्चाचा आकडा कोणत्याही मोठ्या मनाच्या पलीकडचा आहे हे दोघांना उमगले, आणि २०१९ मध्ये त्यांनी विक्रीची आवृत्ती काढण्याचे ठरविले. ६ डिसेंबर २०२२ रोजी ती सुमारे ३० डॉलरला आली. जानेवारी २०२३ या एका महिन्याची त्यांची जमा ७२ लाख डॉलरच्या घरात गेली. आदल्या महिन्यापर्यंत ती काही हजारांत असे.

या घटनेचा अर्थ लावताना घाई होते. ‘पाहा, पैसे मागितले की लोक देतात,’ एवढाच तिचा अर्थ नाही, कारण अक्षरचिन्हांची जुनी आवृत्ती त्यांनी विनामूल्यच ठेवली आणि खेळाच्या गाभ्यातील सुधारणा तिलाही मिळत राहिल्या. विकली ती चित्रे, संगीत आणि वापरण्यातली सुलभता. मला त्यातून दिसते ते असे की सोळा वर्षे हजारो लोकांना पैसे द्यायचे होते आणि त्यांना द्यायला जागा नव्हती. देणगी देताना माणूस उपकारकर्ता होतो. त्याला नुसते ग्राहक व्हायचे असते. आणि घेणाऱ्यालाही दरमहा कृतज्ञ राहण्याचे ओझे नको असते.

आता ‘पुस्तक वेगळं, गेम वेगळा’ या मुद्द्याकडे. भाचा अर्धा बरोबर होता. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तरी माझ्या कपाटातली पहिली जागेवर राहते. गेमचे तसे नाही. रात्री संगणक चालू राहिला तर सकाळी त्याच नावाखाली दुसराच खेळ असू शकतो. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हे भयंकर वाटावे. एका कवितेच्या दोन पाठांपैकी जुना अधिक चांगला आहे असे आपण वर्गात सांगतो, कारण दोन्ही आपल्यापुढे असतात. विनामूल्य अपडेट जुना पाठ पुसून टाकते आणि फुकट दिल्यामुळे ते नाकारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्याला जुन्या खेळातली कठीण दरी आवडत होती, त्याला कर्त्याने ती एके दिवशी बुजविली तर दाद कुठे मागायची? किंमत लावलेल्या विस्तारात निदान निवड असते. ज्याला चार नवे ग्रह नकोत, त्याचा जुना ग्रह शाबूत राहतो. मोल घेणे हे संमती घेण्याचे एक रूप आहे, असे मला या बाबतीत वाटते. (अ‍ॅडम्स बंधूंनी जुन्या आवृत्त्या आपल्या संकेतस्थळावर जपून ठेवल्या आहेत, हे विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी शिकण्यासारखे.)

धोके मला दिसत नाहीत असे नाही. वाढीव आवृत्तीचे पैसे मिळतात म्हटल्यावर पहिल्या आवृत्तीतले प्रकरण मुद्दाम काढून ठेवण्याचा मोह होणारच. २००६ मध्ये बेथेस्डा या मोठ्या कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ खेळातील घोड्याच्या चिलखताचे अडीच डॉलर मागितले आणि ते चिलखत आजही हसण्याचा विषय आहे. दुसरी पद्धत अधिक फसवी आहे. पॅट्रिऑनसारख्या ठिकाणी दरमहा वर्गणी भरणाऱ्याला नवा भाग आधी आणि इतरांना नंतर, अशी ती व्यवस्था. वरवर ती सर्वांच्या सोयीची दिसते. पण तीत कर्त्याची मिळकत काम चालू असण्यावर अवलंबून असते, पूर्ण होण्यावर नाही. खेळ पूर्ण झाला की वर्गणी थांबणार, मग तो पूर्ण कोण करील? मालिका लांबविणाऱ्यांचे काय होते ते आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पुरेसे पाहिले आहे.

राहिला शब्द पाळण्याचा प्रश्न, आणि तो थोडक्यात सांगता येतो. ‘माइनक्राफ्ट’ बाल्यावस्थेत असताना ज्यांनी तो घेतला त्यांना पुढच्या सर्व आवृत्त्या विनामूल्य मिळतील असे वचन होते. डिसेंबर २०१० मध्ये खेळ पुढच्या टप्प्यात गेला तेव्हा नव्या ग्राहकांसाठी ते वचन काढून घेतले गेले, पण तसे आधी सांगून. जुन्यांचे कायम राहिले. वचन दिले नसेल तर मोल मागण्यात गैर काही नाही. दिले असेल तर आतड्याला पीळ पडला तरी मागता येत नाही. बरोनने घेतलेली आण त्याने स्वतःपुरती घेतली आहे. ती माझ्या विद्यार्थ्याने घेतलेली नाही.

मार्चमध्ये परीक्षा आटोपल्यावर भाच्याने ‘स्पेस एज’ विकत घेतले, असे बहिणीकडून कळले. फोन केला तर दोन मिनिटे बोलायलाही त्याला फुरसत नव्हती. कुठल्याशा ग्रहावर रात्री विजा कोसळतात आणि त्यांतूनच कारखान्याला वीज मिळवावी लागते, असे काहीसे तो सांगत होता. पैसे वसूल झाले का, असे विचारले. “ते ठीक आहे गं,” तो म्हणाला, “पण पहिल्यांदा घेतला तेव्हाच सांगायला हवं होतं.” २०२३ मध्ये सांगितले होते, हे मी त्याला सांगितले. त्याने खेळ त्याच्या आदल्या वर्षी घेतला होता.